खुर्ची नको, कॅमेरा द्या

आभासी जगात जमीन मिळाल्यावर विद्यापीठांनी तिथे आधी काय बांधलं? वर्ग. भिंती, छप्पर, व्यासपीठ, ओळीने मांडलेल्या खुर्च्या आणि समोर पॉवरपॉइंटचा पडदा. ज्या जगात माणूस उडू शकतो, समुद्राच्या तळाशी चालू शकतो, क्षणात दुसऱ्या बेटावर पोचू शकतो, तिथेही त्याला खुर्चीत बसवून स्लाइड दाखवायची! हे ज्यांना सुचलं त्यांनी वेळापत्रकाचा विचार केला होता, विद्यार्थ्याचा नाही.

ते जग म्हणजे ‘सेकंड लाइफ’. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने ते जून २००३ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. तीन वर्षांत त्याची एवढी हवा झाली की रॉयटर्सने तिथे आपलं कार्यालय थाटलं आणि २००७ मध्ये स्वीडनने आभासी दूतावास उघडला. विद्यापीठंही धावली. त्यात हार्वर्ड लॉ स्कूलचा प्रयोग मला आजही आवडतो. प्राध्यापक चार्ल्स नेसन आणि त्यांची मुलगी रिबेका यांनी २००६ मध्ये ‘सायबरवन’ नावाचा अभ्यासक्रम चालवला. विषय होता जनमताच्या न्यायालयात बाजू कशी मांडायची. हार्वर्डमध्ये पाऊल न ठेवलेल्या लोकांनाही त्यात येता येत होतं. त्यांनीही आपल्या ऑस्टिन हॉलची प्रतिकृती तिथे उभी केली, पण ती न्यायदालनाची इमारत होती आणि शिकायचं होतं ते बाजू मांडायला. जागेला काम होतं. बाकी बहुतेकांनी आपली इमारत उचलली आणि बेटावर नेऊन ठेवली.

मग ऑक्टोबर २०१० मध्ये लिंडन लॅबने जाहीर केलं की शिक्षणसंस्थांना मिळणारी निम्म्या दराची सवलत येत्या जानेवारीपासून बंद. अनेक विद्यापीठांनी बेटं सोडली. भाडं थांबलं की बेट पुसलं जातं, इमारतीसकट. २०१३ मध्ये कंपनीने सवलत परत आणली, पण तोवर उत्साह ओसरला होता. ज्या इमारतीत विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने काही केलेलं नाही, ती पुसली गेल्याचं दुःख त्याला का व्हावं?

ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने ‘मेटा’ हे नाव घेतलं आणि तोच खेळ नव्याने सुरू झाला. काही अमेरिकी महाविद्यालयांच्या आवारांच्या हुबेहूब आभासी प्रतिकृती बनल्या. या वेळी डोळ्यांवर हेडसेट होते, एवढाच फरक. आता आपल्याकडेही ‘व्हीआर लॅब’च्या पाट्या दिसू लागल्या आहेत. मी अशा ठिकाणी गेल्यावर एकच प्रश्न विचारते: या लॅबमध्ये विद्यार्थ्यांनी काय बनवलं? उत्तरात मला हेडसेटची संख्या सांगितली जाते. दाखवलं जातं ते विकत आणलेलं हृदय, विकत आणलेली सूर्यमाला. मुलं एकेक करून आत बघतात, ‘भारी आहे’ म्हणतात आणि पुढच्याला हेडसेट देतात. पाच मिनिटांचं कुतूहल पाच मिनिटांत संपतं. पुढचा सगळा तास ती पुन्हा बघेच.

विद्यार्थ्याला बघ्या करून वर तो लक्ष देत नाही अशी तक्रार करायची, हे मला अन्यायाचं वाटतं. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम, डिफॉल्टर लिस्ट, टर्म न देण्याची धमकी: अंग वर्गात आणायचे हे उपाय आहेत. मन आणायचा उपाय वेगळा आहे आणि तो विद्यापीठाबाहेरच्या लोकांनी केव्हाच शोधून ठेवला आहे. त्यांनी आभासी जगात खुर्ची मांडली नाही. कॅमेरा लावला.

सुरुवात १९९६ ची. ‘क्वेक’ या गोळीबाराच्या गेममध्ये रेंजर्स नावाच्या टोळक्याने ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ ही दोनेक मिनिटांची फिल्म केली. गेममध्ये आपला सामना रेकॉर्ड करायची सोय होती. या पोरांनी सामना सोडून गोष्ट रेकॉर्ड केली आणि कॅमेरा खेळाडूच्या डोळ्यातून काढून बाहेर उभा केला. त्या फिल्ममध्ये फार काही नाही, पण तो निर्णय मोठा होता. खेळणाऱ्याला अचानक कळलं की हे जग म्हणजे सेट आहे आणि आपण त्याचे दिग्दर्शक होऊ शकतो.

आणि मग २००५. पॅरिसच्या क्लिशी-सू-बुआ या उपनगरात २७ ऑक्टोबरला पोलिसांच्या भीतीने दोन मुलं वीज उपकेंद्रात लपली आणि विजेच्या धक्क्याने मेली. एक सतरा वर्षांचा, दुसरा पंधरा. फ्रान्सभर दंगली उसळल्या, सरकारने आणीबाणी लावली. दूरचित्रवाणीवर जळणाऱ्या गाड्या दिसत होत्या. मुलं पोलिसांना पाहून का पळतात, हे मात्र फार कुणी सांगत नव्हतं. त्याच सुमाराला ‘द मूव्हीज’ नावाचा गेम बाजारात आला होता. हॉलिवूडचा स्टुडिओ चालवायचा, नट नेमायचे, छोट्या फिल्म बनवायच्या, असा तो खेळ. पॅरिसजवळ राहणाऱ्या अलेक्स चॅन नावाच्या तरुणाने तो घेतला. धंद्याने औद्योगिक डिझायनर, आईबाप हाँगकाँगहून आलेले, आधी एकही चित्रपट केलेला नाही. त्याने काही दिवसांत, नोव्हेंबर संपायच्या आत, त्या गेममध्ये तेरा मिनिटांची ‘द फ्रेंच डेमॉक्रसी’ पुरी केली.

गेममध्ये पॅरिस नव्हतं. अमेरिकी सेट होते. चॅनने न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे पॅरिसची मेट्रो म्हणून चालवली. इंग्रजी सबटायटल्समध्ये चुका होत्या. बाहुल्यांचे चेहरे ओबडधोबड. तरीही रंगामुळे पावलोपावली अडवल्या जाणाऱ्या तरुणांचा राग त्या फिल्ममध्ये असा उतरला की अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी तिची दखल घेतली. ती बघताना मला दर वेळी वाटतं की समाजशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून आपण याहून वेगळं काय मागतो? आजूबाजूला काय घडतंय ते बघ, ते कुणाच्या बाजूने सांगितलं जात नाही ते शोध आणि नीट मांड. आपण हे मागतो आणि वीस गुणांचं टिपण लिहायला लावतो.

‘हार्डली वर्किंग’ नावाची ऑस्ट्रियन फिल्म तर मी प्रत्येक समाजशास्त्र विभागात दाखवली जावी म्हणेन. वीसेक मिनिटांची आहे. ‘टोटल रिफ्युजल’ या कलावंतांच्या गटाने ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या काऊबॉयच्या गेममध्ये ती चित्रित केली. खेळणारा त्या जगात नायक असतो, घोडा उधळत जातो. यांनी नायकाकडे पाठ फिरवली आणि कॅमेरा लावला धोबिणीवर, तबेल्यातल्या पोऱ्यावर, रस्ता झाडणाऱ्यावर आणि सुतारावर. खेळाडूला जग भरलेलं वाटावं म्हणून ठेवलेली ही पात्रं. सुतार ठोकत राहतो, झाडणारा झाडत राहतो. काम कधी संपत नाही, त्यातून काही तयार होत नाही, दिवस उजाडतो आणि तेच सुरू होतं. श्रम, वेठ, परात्मता या गोष्टी आपल्या मुलांना मार्क्सच्या नोट्समधून पाठ कराव्या लागतात. इथे त्या समोर हातोडा घेऊन उभ्या आहेत. २०२२ मध्ये लोकार्नोच्या महोत्सवात या फिल्मला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं आणि २०२३ मध्ये युरोपियन फिल्म पुरस्कारांत ती सर्वोत्कृष्ट लघुपट ठरली.

फ्रान्समधल्या माँपेलिएच्या कलाशाळेत एकत्र आलेल्या तिघा तरुणांनी तर आभासी जगात थेट वार्तांकन केलं. आधी ‘मार्लो ड्राइव्ह’, मग ‘डेझी’ या गेममध्ये ‘निट्स आयलंड’. डेझी म्हणजे सगळं उद्ध्वस्त झाल्यानंतरचं जग. भूक लागते, थंडी वाजते, मेलेली माणसं अंगावर येतात आणि जिवंत माणसं गोळ्या घालतात. हे तिघे तिथे माहितीपटाचं पथक म्हणून शिरले आणि ९६३ तास राहिले. अन्नपाणी शोधायचं, गोळ्या चुकवायच्या आणि भेटेल त्याला विचारायचं की तू इथे का येतोस. सुरुवातीला खेळाडू भूमिकेत राहून बोलतात. मग सवय होते, ओळख होते आणि माणसं हळूहळू आपल्या खऱ्या आयुष्याबद्दल बोलू लागतात. मानववंशशास्त्रात क्षेत्रकार्य शिकवताना आम्हाला जे सांगितलं जायचं, ते सगळं यात आहे: लोकांत राहा, घाई करू नका, विश्वास कमवा, मग विचारा.

प्राध्यापकांनी स्वतः हात घातल्याचं उदाहरण हवं असेल तर कोलोराडो विद्यापीठाचे फिल सॉलोमन. प्रायोगिक चित्रपटांतलं मोठं नाव, २०१९ मध्ये गेले. मार्क लापोर हा त्यांचा चित्रपटकर्ता मित्र २००५ मध्ये वारला. दोघांनी मिळून ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’मध्ये एक छोटी फिल्म केली होती. मित्र गेल्यावर सॉलोमननी ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’मध्येच त्याच्या स्मरणार्थ तीन फिल्म केल्या. गाड्या चोरण्याच्या त्या खेळात त्यांनी पाऊस, धुकं, रिकामे रस्ते एवढंच टिपलं. खेळ काय करायला सांगतो हे बाजूला ठेवून मला काय बघायचं आहे, असं विचारणारा शिक्षक ज्या विद्यार्थ्यांना मिळाला, त्यांचा मला हेवा वाटतो.

‘पण बाहुल्यांच्या चेहऱ्यावर भाव कुठे असतात?’ हा आक्षेप हमखास येतो. नसतात, आणि शिकवायला हेच सगळ्यात चांगलं. मॉस्कोत लेव्ह कुलेशॉव्हने शंभर वर्षांपूर्वी हेच शिकवलं. मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा, त्याच्यापुढे एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी. चेहरा तोच, पण बघणाऱ्याला त्यात एकदा भूक दिसते, एकदा शोक. भाव दोन शॉटच्या जोडणीतून येतो. आणि तेव्हा मॉस्कोत कच्ची फिल्म मिळत नव्हती. यादवी युद्ध चालू होतं. मग कुलेशॉव्हच्या विद्यार्थ्यांनी फिल्मशिवाय चित्रपट केले: शॉट पाडले, चौकटी ठरवल्या आणि कॅमेऱ्यात रीळ नसताना प्रसंग रंगमंचावर करून दाखवले. त्या पोरांमध्ये पुढे मोठा दिग्दर्शक झालेला पुडोव्हकिन होता. आज ज्याच्यापाशी फोन आहे त्याच्यापाशी त्या सगळ्यांपेक्षा जास्त सामग्री आहे. थिजलेल्या चेहऱ्याची बाहुली हाती आली की विद्यार्थ्याला आवाजावर काम करावं लागतं, चौकटीवर करावं लागतं, कात्रीवर करावं लागतं. देखण्या नटाच्या मागे त्याला लपता येत नाही.

आता मी ज्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला तिथे येते. पुण्यात इतिहास शिकणाऱ्या वीस मुलांना मला शनिवारवाडा द्यायचा आहे.

तो वाडा आज नाही. १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, फेब्रुवारी १८२८ मध्ये आग लागली आणि आतलं लाकूडकाम भस्म झालं. उरले ते तट, बुरूज, पाच दरवाजे, जोती आणि कारंजी. शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी ती जोती ओलांडली आहेत आणि ‘इथे दिवाणखाना होता’ हे ऐकून पुढे गेलो आहोत. आता याच मुलांना सांगा की वाडा माइनक्राफ्टमध्ये बांधा. त्या गेममध्ये एका ठोकळ्याची बाजू एक मीटर धरतात, म्हणजे टेप घेऊन वाड्यात जा, जोती मोजा आणि ठोकळे रचा. जमिनीवरचं काम आठवड्यात होईल. मग पहिला मजला येईल आणि भांडण सुरू होईल. जिना कुठे होता? खिडकी कुठल्या दिशेला? वर किती मजले? मुलं उत्तर शोधायला पेशवे दफ्तरात जातील, भारत इतिहास संशोधक मंडळात जातील, पेशवाईतला दुसरा एखादा उभा वाडा बघायला जातील. एरवी ज्या ग्रंथसूचीकडे कुणी ढुंकून बघत नाही, ती यादी एका खिडकीसाठी धुंडाळली जाईल.

आणि मग त्या वाड्यात एकच प्रसंग चित्रित करायला सांगा. ३० ऑगस्ट १७७३. नारायणराव पेशव्याचा खून.

परीक्षेत या प्रसंगावर दीड पान लिहून दहापैकी सात गुण मिळवता येतात. थकलेल्या पगारासाठी गारदी आत शिरले, अठरा वर्षांचा पेशवा काकाकडे धावला, रघुनाथरावांना मिठी मारली, तरी वाचला नाही. सेवक चाफाजी टिळेकर आडवा पडला, तोही मारला गेला. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, असे म्हणतात. हे ‘असे म्हणतात’ लेखनात फार सोयीचं आहे. त्याच्या आडोशाने कुठलीही अडचण पार करता येते. कॅमेऱ्यापुढे ते चालत नाही. आनंदीबाई कागदावर खाडाखोड करतात, हा शॉट तुम्ही एक तर घेता किंवा घेत नाही. घेतलात तर कशाच्या आधारावर? इतिहासकारांचं यावर एकमत नाही, मग तुम्ही कुणाच्या बाजूला? नाही घेतलात तर पिढ्यान्पिढ्या ही कथा खरी मानणाऱ्या प्रेक्षकाला काय सांगणार? की तोच प्रसंग दोनदा दाखवणार, एकदा अक्षर बदललेलं आणि एकदा न बदललेलं?

याशिवाय साधे प्रश्न आहेत, जे पुस्तकात कुणी विचारत नाही. गारदी कुठल्या दरवाजाने आत आले? तिथून पेशव्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला? मध्ये पहारा नव्हता का? नारायणराव ज्या दालनातून पळाला तिथून काकाचं दालन किती लांब? ठोकळ्यांच्या वाड्यात हे अंतर पळून बघता येतं. कॅमेरा नारायणरावाच्या मागे धावणार की काकाच्या दारात उभा राहून त्याला येताना बघणार? कॅमेरा दारात ठेवला की तुम्ही रघुनाथरावांबद्दल विधान केलंत. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांना ज्या प्रश्नाचा निवाडा करावा लागला, त्याच प्रश्नासमोर एकोणीस वर्षांची मुलगी उभी राहते, कारण तिला कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवायचं आहे. माझ्या माहितीत इतिहास शिकण्याचा याहून कडक मार्ग नाही.

‘पोरं नुसती गेम खेळत बसतील,’ असं म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी एकदा ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात जावं. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा घेते आहे. अभियांत्रिकीची, वाणिज्यची, विज्ञानाची मुलं महिनोन् महिने तालमी करतात, रात्री जागतात, स्वतःच्या पैशाने सेट वाहतात आणि ‘आव्वाज कुणाचा’ म्हणून घसा फोडतात. हीच मुलं सकाळच्या लेक्चरला डोळे मिटून बसलेली असतात. आळशी कोण आहे इथे? या मुलांना काहीतरी मिळून बनवायचं आहे, ठरलेल्या दिवशी ते लोकांपुढे उभं करायचं आहे आणि ते फसलं तर जबाबदारी त्यांची आहे. वर्गात या तिन्हींपैकी एकही गोष्ट त्यांच्या वाट्याला येत नाही. आभासी जगातली फिल्म या तिन्ही गोष्टी वर्गात आणू शकते, आणि ज्या गावात नाट्यगृह नाही तिथेही आणू शकते.

नाटकवाल्यांनीच हे अलीकडे करूनही दाखवलं. जानेवारी २०२१, इंग्लंडमध्ये टाळेबंदी, नाट्यगृहं बंद. सॅम क्रेन आणि मार्क ऊस्टरवीन हे दोन बेकार नट ‘जीटीए ऑनलाइन’ खेळत होते. खेळता खेळता त्यांना त्या शहरात एक खुलं नाट्यगृह सापडलं आणि त्यांनी ठरवलं की इथे हॅम्लेट करायचं. ऑडिशन घेतल्या. तिथे कुणीही येऊन कुणालाही गोळी घालत होतं. स्वगत चालू असताना नट मरत होता आणि पुन्हा जिवंत होऊन पुढची ओळ म्हणत होता. क्रेनची पत्नी पिनी ग्रिल्स माहितीपट करते. ती गेममध्ये उतरली आणि गेममधल्याच फोनचा कॅमेरा वापरून तिने हे सगळं टिपलं. ‘ग्रँड थेफ्ट हॅम्लेट’ला मार्च २०२४ मध्ये साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात माहितीपटाचं ज्युरी पारितोषिक मिळालं. जगावं की मरावं हा प्रश्न ज्या जगात मरणाला काही किंमत नाही तिथे विचारला गेला आणि तो बोथट झाला नाही, उलट टोचला. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी शेक्सपिअरच्या पेपरासाठी ही फिल्म लावावी.

पैशाचं कारण मला सांगू नका. एका हेडसेटच्या किमतीत महाविद्यालयाच्या जुन्या संगणकांची मेमरी वाढवता येते. माइनक्राफ्ट विकत घ्यायचं नसेल तर त्याच धर्तीचं ‘लुआंटी’ आहे, आधी त्याला माइनटेस्ट म्हणायचे. ते फुकट आहे आणि साध्या यंत्रावर चालतं. पडदा रेकॉर्ड करायला ‘ओबीएस’, संकलनाला ‘केडेनलाइव्ह’, दोन्ही फुकट. थोडं पुढे जायचं तर ‘ब्लेंडर’ आहे, तेही फुकट. त्यावर बनलेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशनचं ऑस्कर घेतलं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये भांडवलदाराला पटवण्यासाठी मोठं कथानक उभं केलं नव्हतं. एक वाटाणा पेरला, थांबून थांबून त्याचं चित्रण केलं आणि ‘अंकुराची वाढ’ दाखवली. वनस्पतीशास्त्राचा तो उत्तम पाठ होता आणि त्याला लागला एक कॅमेरा, एक कुंडी आणि भरपूर चिकाटी.

धोके आहेत आणि त्यांच्याबद्दल मी गंभीर आहे. खुल्या गेममध्ये माइक सुरू करून मुलगी बोलली की तिला काय काय ऐकावं लागतं, हे खेळणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा. म्हणून महाविद्यालयाने आपला सर्व्हर चालवावा, आत कोण येणार हे वर्गाने ठरवावं. परक्या जगात चित्रण करायचं असेल तर समोरच्याला आपण रेकॉर्ड करतोय हे सांगून करावं. ज्याच्या घरी संगणक नाही त्याला गटात ‘तू नुसता बस’ असं व्हायला नको. लॅब संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवा, किल्लीवाल्या कर्मचाऱ्याला जादा वेळेचे पैसे द्या. मालकी हक्काचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांनी २००७ पासूनच बिगरव्यापारी फिल्मसाठी नियम लिहून ठेवले आहेत. ते आधी वाचावेत.

नवीन शैक्षणिक धोरणानुसार आपल्या विद्यापीठांत सहअभ्यासक्रमाचे क्रेडिट आहेत, फील्ड प्रोजेक्ट आहे, कौशल्याचे पेपर आहेत. अनेक ठिकाणी ते कसे भरायचे हेच विभागप्रमुखांना कळत नाही आणि शेवटी कुठल्या तरी वेबिनारचं प्रमाणपत्र जोडून फाइल बंद होते. तिथे हे बसवा. मूल्यमापन मात्र फिल्म किती चकचकीत झाली यावर करू नका. फिल्मसोबत जर्नल मागा. प्रत्येक शॉटसमोर आधार लिहिलेला हवा: कुठला कागद, कुठलं पुस्तक, कुठलं मोजमाप आणि जिथे आधार नाही तिथे ‘हे आम्ही कल्पनेने भरलं’ अशी साफ नोंद. आणि ओरल घ्या. निबंध आज चॅटजीपीटीकडून लिहून मिळतो, जळता शनिवारवाडाही यंत्राकडून काढून मिळेल. पण हा दरवाजा इथेच का, या प्रश्नाला जिने जोती मोजली आहेत तीच मुलगी तुमच्या डोळ्यांत बघून उत्तर देईल.

शिक्षकाला गेम खेळता यायलाच हवा असं नाही. मुलांना येतो. शिक्षकाला प्रश्न विचारता यायला हवेत आणि तपासता यायला हवं. पहिल्या दोन प्रॅक्टिकलमध्ये मुलं उड्या मारतील, एकमेकांना दरीत ढकलतील, मारू द्या. तिसऱ्या वेळी एकच शॉट मागा, एका मिनिटाचा, न कापलेला, आणि सगळ्या वर्गासमोर लावा. आपलं काम लोक बघणार आहेत हे कळलं की मुलं किती सरळ होतात, हे नाटकाच्या तालमीला बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. सत्राच्या शेवटी सभागृहात खेळ ठेवा, तिकीट नको, पण पालकांना, गावातल्या जाणकारांना बोलवा आणि प्रश्नोत्तरं होऊ द्या. एखादे आजोबा उठून म्हणतील, ‘अहो, जिना तिकडे नव्हता.’ मुलांना त्यांच्याशी वाद घालू द्या, कागद दाखवू द्या आणि कागद नसेल तर हरू द्या.

मग ती फिल्म, तिचं जर्नल आणि ठोकळ्यांचा अख्खा वाडा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल करून घ्या, नोंद क्रमांक घालून, पुस्तकासारखा. कुठल्या कंपनीच्या भाड्याच्या बेटावर नको. म्हणजे पुढच्या जूनमध्ये येणारी तुकडी मोकळ्या जमिनीवर उभी राहणार नाही. आधीच्या तुकडीने कुठला दरवाजा चुकीच्या जागी बसवला, इथून तिचा पहिला तास सुरू होईल.